चक्रव्यूहातून परतताना

“दगडांवरून! सरळ दगडांवरून पळा!” व्हर्नर ओरडला.

कोणीही पळाले नाही. उप्साला शहरातून आलेली नऊ माणसे जमिनीवर दगड मांडून केलेल्या चक्रव्यूहाच्या मध्यापर्यंत जाऊन डोळे मिटून उभी राहिली होती, आणि आता गेली त्याच वाटेने, एकेक वळण घेत, शांतपणे परतत होती.

व्हर्नरचे डोके फिरले. किनाऱ्यावरचे हे दगड त्याच्या पूर्वजांनी ध्यान लावण्यासाठी मांडले नव्हते. हंगामातले पहिले जाळे टाकायच्या दिवशी मासेमाराने यात शिरायचे. पाठीला चिकटलेली अवदसा वळणावळणाने मागून येते. मध्यावर पोचताच दगडांच्या रांगा ओलांडत थेट बोटीकडे धूम ठोकायची, मागे बघायचे नाही. अवदसा आत चकते आणि वर्षभर तिथेच घुटमळत राहते. आज, नेमके आजच, ही शहाणी माणसे तिला हाताला धरून बाहेर आणत होती! खाली धक्क्याला त्याची लेक अनेली बोटीचे इंजिन चालू ठेवून थांबली होती. गावात आता तेवढी एकच बोट उरली होती. बाप पळत येऊन बोटीला हात लावी, मगच ती एकटी समुद्रात जाई.

“बाबा, सोडा ना! त्यांचं झालं की तुम्ही जा,” तिने हाक मारली.

“सोडा काय सोडा! समुद्रावर तू जाणार आहेस, हे लोक नाहीत!”

त्या माणसांना घेऊन आलेल्या पाद्रीबाई हसतमुखाने पुढे झाल्या. “आजोबा, तुम्हीही एकदा सावकाश चालून बघा. मन हलकं होतं.”

“तुमचं होईल हो हलकं! भार आमच्या बोटीत टाकून चाललात ना!”

आठ जण बाहेर आले. शेवटची बाई अजून आतच होती. एक पाऊल टाकायची, थांबायची. पुन्हा एक पाऊल. व्हर्नरला ते बघवेना. तो दगडांच्या कडेशी जाऊन उभा राहिला.

“अहो बाई, ऐकू येत नाही का? पळा! मागं आहे ते मागंच राहू द्या!”

बाईने मान वर केली. तिचा चेहरा संतापाने लाल झाला होता.

“मागं माझी आई आहे. तीन आठवडे झाले तिला जाऊन. गुडघे धरायचे तिचे. मी पळाले तर ती आत एकटी राहील. तुम्ही कोण मला पळवणारे?”

व्हर्नरला पळवले होते त्याच्या वडिलांनी. बासष्ट वर्षांपूर्वी धाकटा भाऊ इलीस बुडाला. पुढच्या वसंतात वडिलांनी व्हर्नरचे मनगट धरून त्याला इथे आणले आणि मध्यावरून दगडांवरून फरफटत बोटीपर्यंत पळवले. मागे बघू दिले नाही. त्यानंतर इलीसचे नाव घरात कोणी काढले नाही, व्हर्नरनेही नाही. दर वसंतात तो तसाच पळत आला होता. मघापासून पेटलेला त्याचा राग विझला नाही. फक्त त्याचा रोख आता या लोकांवरून वडिलांकडे वळला.

बाई बाहेर पडल्यावर तो आत शिरला. वळणे पायांना पाठ होती. तो मध्यावर पोचलेला पाहून अनेलीने बोटीचा दोर सोडायला घेतला.

“बाबा, पळा आता!”

व्हर्नर आल्या वाटेने परत फिरला. एक पाऊल टाकून तो थांबला. मग दुसरे टाकले.

“बाबा! अहो, करताय काय? अवदसा येईल ना मागं!”

“अवदसा म्हणायचं नाही त्याला!” तो गरजला. “इलीस आहे तो. तुझा काका!”

चव्वेचाळीस वर्षांच्या अनेलीने हे नाव आयुष्यात प्रथमच ऐकले. मग तिने दोर पुन्हा बांधला आणि इंजिन बंद केले.

व्हर्नरने मागे वळून पाहिले आणि पाऊल आणखी आखूड केले. इलीस नऊ वर्षांचा होता, आणि त्याच्या पायांत थोरल्या भावाचे, दोन बोटे मोठे बूट होते.