तळाचं नाव

श्रीरंग काचेच्या केबिनमध्ये येऊन बसला आणि मेधाने उगाचच लॅपटॉप उघडला.

"यंदा तुझं रेटिंग तळाचं आलंय," तिने एका दमात सांगून टाकलं. "प्रत्येक टीममधून एक जण तळाला टाकायचाच, असा वरून नियम आहे. माझ्या हातात काही नसतं रे."

नियम खरा होता. नाव मात्र तिनेच दिलं होतं. मॅनेजरांच्या बैठकीत तिची पाळी आली, तेव्हा तिला फारसा विचारही करावा लागला नव्हता. बाकीचे आकांडतांडव करतील, राजीनामा तोंडावर फेकतील. श्रीरंग मुकाट्याने ऐकून घेईल. उद्या कंपनीने माणसं कमी करायची ठरवली, तर पहिला नंबर त्याचाच लागणार, हेही तिला माहीत होतं.

त्याने ऐकून घेतलंच. मग म्हणाला, "मॅडम, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. माझ्यासाठी भांडला असणार तुम्ही, मला ठाऊक आहे. घरीही तेच सांगेन."

खरं सांगायला हीच वेळ होती. मेधाने तोंड उघडलंही.

"भांडले रे," ती म्हणाली. "खूप भांडले."

श्रीरंगने उठून तिच्यासाठी दार धरलं. "चला मॅडम, खाली टपरीवर चहा घेऊ. चेहरा केवढा उतरलाय तुमचा."