परत आलेला विग

कपड्यांच्या दुकानात उभा जन्म काढलेल्या काकूंच्या डोक्यामागे ठळक पाटी होती: ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ पाटी वाचूनही कुणी पिशवी घेऊन आलंच, तर काकू तेच तोंडाने ऐकवायच्या, तेही खणखणीत आवाजात.

पुढे त्यांना स्तनाचा कर्करोग निघाला आणि केमोने केस गेले. मग सून त्यांना विग देणाऱ्या एका संस्थेत घेऊन गेली. कपाटातला एक विग काकूंनी सवयीने उलटा केला, आतली शिवण चाचपली आणि नाक मुरडलं.

"वापरलेला आहे हा! दुकानदारणीलाच शेंडी लावताय होय?"

"नवेही आहेत की," कपाट सांभाळणारी ताई हसली. "पण आपले केस आले की विग परत आणून द्यायचा, असा इथला नियम आहे. हा सहा जणींनी परत केलाय. सहावी तर कालच येऊन गेली, कपाळावरची बट उडवत."

काकूंनी विग आरशासमोर डोक्यावर नीट बसवला.

 

"हाच द्या. पण काय हो, परत घ्याल ना नक्की?"