उत्कृष्ट सातत्य

"काका, समुद्राच्या तळातलं शिसं सहा वर्षांत दशांशानेही हललं नाही? अठ्ठेचाळीस पूर्णांक तीन. दरवर्षी!"

तेजश्री सकाळच्या ट्रेनने सिडनीहून या लहानशा बंदरावर आली होती. गाळातल्या प्रदूषणाचे आकडे तपासणं ही तिची नोकरी. म्हणजे तपासायचं सॉफ्टवेअर, पगार तिला. फॉर्म पूर्ण भरलेला आणि वेळेत आलेला असला, की हिरवी टिक. गेल्या आठवड्यात सॉफ्टवेअर बंद पडलं आणि नाइलाजाने तिला आकडे वाचावे लागले.

दीनानाथकाका इथले नमुने गोळा करणारे. निवृत्तीला आठ महिने राहिलेले. त्यांनी शांतपणे चहा पुढे केला.

"बोट विकली ना सहा वर्षांपूर्वी. बजेट नाही म्हणाले. तीन मेल केले, बोटीशिवाय तळाचा गाळ आणू कसा? उत्तर नाही. मग मुद्दाम जुनेच आकडे पाठवले. म्हटलं, कोणीतरी ओरडेल."

"मग?"

"प्रशस्तिपत्र आलं. उत्कृष्ट सातत्याबद्दल."

"हे पास करणारे काय डोळे मिटून बसतात?" तेजश्री भडकली.

"बिझी असतील बिचारे," काका म्हणाले.

दोन महिन्यांनी बंदर खोल करायचं काम सुरू होणार होतं. निघालेला 'स्वच्छ' गाळ शेजारच्या किनाऱ्यावर पसरायचा होता. तिथे मुलं पोहायला शिकत.

दोघांनी एका मच्छीमाराची बोट भाड्याने घेतली. काळाकुट्ट, तेलाचा वास मारणारा गाळ बरण्यांत भरला. सहा वर्षांनी काका नखशिखांत भिजले आणि परत येईपर्यंत हसत राहिले.

तीन आठवड्यांनी लॅबचा रिझल्ट आला. शिसं पाचशे बारा. तेजश्रीने आकडा भरला. सॉफ्टवेअर आता ठणठणीत होतं. त्याने लगेच लाल चौकट दाखवली: 'मागील सहा वर्षांशी विसंगत. आकडा सदोष. बाद करा.'

तिने बॉसला, नीलला, फोन लावला.

"नो वरीज, करून टाक बाद," नील म्हणाला. "इतक्या सुंदर डेटाला एका आकड्याचं गालबोट कशाला?"

"करते."

तिने मागची सहाही वर्षं बाद केली. प्रत्येक वर्षापुढे, तेव्हा ते पास करणाऱ्याचं नाव लिहिणं सक्तीचं होतं. चार वेळा तिने स्वतःचं लिहिलं.