पडद्यामागचा दिवा

रघुपतीने लॅपटॉपचे झाकण उघडले, बटण दाबले आणि डॉक्टरासारखा चेहरा करून तमिळमध्ये म्हणाला, "बारीक दिवा लागतो, आत चक्रही फिरते. चित्र तेवढे नाही."

सुंदरीबाईंनीही तमिळमध्येच हकिगत सांगितली. मुलगा हरिप्रसाद अमेरिकेहून आला तेव्हा बहिणीसाठी हे यंत्र घेऊन आला, आणि परवा ते एकाएकी काळे पडले. मग त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथून नवऱ्याला मराठीत म्हणाल्या, "पोरगा बेस दिसतो हो."

रघुपतीने मान खाली घातली. हसू लपवायला स्क्रू फार उपयोगी पडतात.

तंजावुरात राजवाड्यामागच्या गल्लीतल्या मराठी घरांची रीतच ही. दारात तमिळ, चुलीपाशी मराठी. परका माणूस समोर बसलेला असला तरी घरातले गुपित खुशाल मराठीत बोलावे. भिंतीला कान असतील, पण त्या कानांना मराठी कुठले येणार! त्रिचीला रघुपतीच्या स्वतःच्या घरात दूधवाल्यासमोर अर्धा वंशवृक्ष धुतला जाई.

याच रीतीवर त्याने बेत रचला होता. उद्या तो आईबरोबर या घरच्या मुलीला, विनुताला, बघायला यायचा होता. पण मुलगी बघताना सोज्जी-बज्जीची, म्हणजे शिरा-भज्यांची, बशी पुढे आली की सगळीच घरे देवघरे होतात, आणि संसार करायचा असतो माणसांशी. तेव्हा आदल्या दिवशी जावे, खरे काय ते ऐकावे आणि मग हो की नाही ते ठरवावे. चेन्नईच्या कंपनीत तो संगणकच दुरुस्त करी, त्यामुळे हत्यारे खरी होती. खोटे होते ते 'वेलू' हे नाव आणि मराठी न येणे. मध्यस्थ सुब्रह्मण्यमामांनी मेकॅनिक म्हणून त्याची शिफारस अगदी आनंदाने केली होती.

विनुता समोर येऊन बसली. बसस्टँडजवळच्या एका सेंटरात ती संगणक शिकवीत असे. बॅटरी काढून परत बसवून झाली आहे, उजेडाची बटणेही दाबून पाहिली आहेत, असे तिने तमिळमध्ये सांगितले. मुलगी भोळी नव्हती. रघुपतीने तरीही सगळे पहिल्यापासून सुरू केले. घाई कोणाला होती?

आतून मराठी वाहू लागली. उद्या त्या लोकांना मुलीची अंबटभाजी खाऊ घालू नका, असे वडील वेंकटरमण बजावत होते. गेल्या खेपेस कावळासुद्धा पानावरून उठून गेला होता. सुंदरीबाईंचे म्हणणे, गप्प बसावे, लग्नानंतर शिकेल. त्यावर वेंकटरमण म्हणाले, "लपवून लग्न करायचें नाहीं. स्वयंपाक येत नाहीं, हें मीच आधीं सांगणार."

रघुपतीला सासरा पसंत पडला.

"आणि नोकरी सोड म्हणाला, तर कॉफी पाजून वाटेला लावीन," विनुता आतल्या दिशेने मराठीत म्हणाली, आणि लगेच वळून तमिळमध्ये, "कॉफी घेणार ना, सार?"

त्याच्या हातून स्क्रू निसटला.

कॉफी फर्मास होती. एवढ्यात सुंदरीबाईंनी उद्या येणाऱ्या मुलाच्या आईचा विषय काढला. बाई फार मायेची आहे, सासू मिळावी तर अशी, असे त्या म्हणाल्या. रघुपती तिथेच विरघळला. आईचे कौतुक पाठीमागे, तेही कोणाला कळणार नाही अशा भाषेत! याहून खरे काय असते? वर सुंदरीबाईंनी सुस्कारा सोडला, "तो मुलगा ह्या मेकॅनिकासारखा मन लावून काम करणारा निघाला, तर मज आणखी कांहीं नको."

ठरले. उद्या 'हो' म्हणायचे. बज्जी यायच्या आधीच.

आता यंत्राची चौकशी आटोपायला हरकत नव्हती. खरे तर दुखणे त्याने केव्हाच ओळखले होते. पडद्यामागचा दिवा गेला की चित्र मरत नाही, नुसते अंधारात बसते. त्याने खिडकी लावून घेतली, पिशवीतला टॉर्च काढला आणि काचेवर तिरका धरला.

पाण्याखालचे दिसावे तसे हळूहळू काहीतरी दिसू लागले. आधी कॉलर, मग मिशी, मग एका लग्नाच्या पंगतीत लाडवाने फुगलेला गाल. त्या फोटोची एकुलती एक प्रत त्रिचीला आईच्या कपाटात असे.

पडद्यावर तो स्वतः होता.

"नीट दिसतें कीं, रघुपतिराव?" विनुताने मराठीत विचारले.

आतून वेंकटरमणांचा बसका आवाज आला, "बाळे, आतां तरी हळू बोलूं का? ओरडून ओरडून घसा गेला माझा."