चंद्रावरचे आप्पे

आगाशे सरांनी भिंतीवरच्या फोटोला भिंग लावलं आणि मटकन खुर्चीत बसले. चंद्राच्या उंच पठारावर खड्डेच खड्डे आहेत, सगळे उल्का आदळून झालेले, असं ते तीस वर्षं शिकवत आले होते. समोर तर टेकड्याच टेकड्या होत्या.

"रणदिव्याचंच खरं निघालं," ते मला म्हणाले. रणदिवे दोनच गल्ल्या पलीकडे राहायचे. पठारावर ज्वालामुखीच्या टेकड्या आहेत, असा त्यांचा हट्ट. त्या वादापायी दोघा मित्रांचं सतरा वर्षं बोलणं बंद होतं. सरांनी तिथल्या तिथे फोन लावला. "मी चुकलो रे. ये," एवढंच म्हणाले आणि चष्मा पुसत राहिले.

चहा घेऊन आलेल्या कौसल्यामावशी फोटोपाशी थबकल्या. "काल पुसायला काढला तेव्हा आप्पेपात्र होतं. आज आप्पे झाले की."

मी फोटो काढून फिरवून धरला. टेकड्यांचे खड्डे झाले. मावशींनी तो उलटा टांगला होता. उजेड खालून आल्यासारखा दिसला की खड्डासुद्धा उंचवटा वाटतो, हे सर दरवर्षी पहिल्याच तासाला शिकवतात.

मग जिन्यात काठीचा आवाज आला. "आगाश्या, आहेस का रे?"

सरांनी माझ्या हातून फोटो घेतला आणि पुन्हा उलटा टांगला.

"मावशी, अजून एक चहा टाका. त्याचा पिऊन होईपर्यंत आप्पेच असू द्यात."