उगवतीची फळी

महादेव कोन गावाहून टोपली घेऊन आला तो दारातूनच म्हणाला, "कुटं हाय तुमचं कासव?"

कुमुदताईंनी आतल्या खोलीकडे नुसता हात केला आणि पदराने नाक पुसलं. जुन्या पनवेलचं अंगणाचं घर सोडून या तळमजल्यावरच्या ब्लॉकमध्ये आल्याला बारा दिवस झाले होते, आणि बारा दिवसांत कासवाने एक पानसुद्धा तोंडात घेतलं नव्हतं. आज खाल्लं नाही तर महादेवने ते आपल्या वाडीत नेऊन सोडायचं, असं ठरलं होतं. ठरवलं कुमुदताईंच्या यजमानांनी, प्रभाकररावांनी. आणि ठरवल्यापासून त्यांच्याही घशाखाली घास उतरत नव्हता, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. कुमुदताईंना ते ताटावरून कळलंच होतं म्हणा.

फ्रिज ज्या लाकडी पेटीतून आला होता ती आडवी टाकून, वाळू भरून कासवाचं घर केलं होतं. एका टोकाला बल्ब लोंबत होता. प्रभाकररावांची सगळी नोकरी रसायनीला कारखान्याच्या लॅबमध्ये झालेली. त्यांनी महादेवपुढे वही उघडली.

"हे बघ. चाळीसचा लावला, ऊब पुरेना. शंभरचा लावला, वाळू पोळायला लागली. साठचा बरोबर बसला. वाळूपासून चौदा इंच वर. खाली बत्तीस डिग्री, पलीकडच्या टोकाला चोवीस. उजेडाला वर ट्यूबलाइट. मुंबईच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन करून विचारलंय सगळं. यात चूक काढून दाखव."

चूक कुठेच नव्हती. फक्त कासव बल्बकडे पाठ करून पलीकडच्या फळीला नाक लावून बसलं होतं. त्या फळीवर नखांचे ओरखडे उठले होते.

"उचलून बल्बखाली ठेवतो," प्रभाकरराव म्हणाले, "तासाभरात पुन्हा तिथेच. शिक्षा केलेल्या पोरासारखा."

"भावजी रुसलेत," कुमुदताई कासवाकडे बघत म्हणाल्या. "मी लग्न होऊन आले त्याच्या आधीपासून ते घरात आहेत. सासूबाईंनी मला त्यांच्या पाया पडायला लावलं होतं. आता या वयात त्यांना टोपलीत घालून घराबाहेर काढायचं?"

"मग काय डोळ्यांदेखत मरू देऊ?"

महादेव पेटीशी उकिडवा बसला. त्याच्याकडे कोंबड्या होत्या, त्यामुळे बल्बखालची पिल्लं त्याने जन्मभर पाहिली होती. त्याने वाळूवर हात धरून पाहिला, मान हलवली. "ऊब ब्येस हाय." मग ओरखड्यांवरून बोट फिरवलं. उठून खिडकीशी गेला. खिडकीबाहेर हातभर अंतरावर कंपाउंडची भिंत.

"सूर्य कुटून उगवतो तुमच्याकडं?"

प्रभाकररावही खिडकीशी आले. या खोलीत ऊन येतच नव्हतं. बारा दिवसांत त्यांनी शंभर वेळा थर्मामीटर पाहिला असेल, पण हे काही पाहिलं नव्हतं.

"त्यांना काय विचारतोस," कुमुदताई म्हणाल्या. "देव मांडताना मी दिशा बघून घेतली होती. पूर्व ही इकडे."

त्यांनी बोट दाखवलं आणि बोट तसंच राहिलं. कासवाच्या डोक्यावरून ते बरोबर त्या ओरखड्यांच्या फळीवर गेलं होतं.



"अंगणातही सकाळी असेच बसायचे," कुमुदताई हळूच म्हणाल्या. "रोज."

"योगायोग असेल," प्रभाकरराव म्हणाले. पण ते त्यांचं त्यांनाच पटलं नसावं. "पेटी फिरवून बघू."

दिवा त्या टोकाला का, तर प्लग त्या भिंतीला होता, एवढंच. बाहेरच्या खोलीतून लांब वायर आणली. दोघांनी पेटी धरून पुरती उलटी फिरवली. बल्ब उगवतीला आला. आतलं कासव मावळतीला गेलं आणि घाबरून त्याने डोकं आत ओढून घेतलं.

बराच वेळ काही झालं नाही. महादेव टोपलीच्या कडेशी चाळा करत राहिला.

मग एक पाय बाहेर आला. दुसरा आला. कासव जागच्या जागी वळलं, सावकाश, आणि वाळूत रेघ ओढत चालत निघालं. थेट बल्बखाली आलं. पुढच्या फळीला नाक लावलं. मान लांब काढली, चारही पाय पसरले आणि डोळे मिटून घेतले.

प्रभाकररावांनी खोलीभर नजर फिरवली. खिडकी बंद, भिंती चारी बाजूंनी, ट्रकमधून गोणपाटाखाली झाकून आणलेलं. "याला सांगितलं कुणी?" ते पुटपुटले. त्यांना खरंच कुणीतरी उत्तर द्यायला हवं होतं.

कुमुदताई देवापाशी गेल्या आणि सकाळी वाहिलेलं जास्वंदीचं फूल उचलून घेऊन आल्या. ते त्यांनी वाळूवर ठेवलं. कासवाने एक डोळा उघडला. फुलाकडे पाहिलं. मग तोंड पुढे करून पाकळी तोडली. कुमुदताई पदर तोंडाला लावून रडायला लागल्या आणि महादेवने रिकामी टोपली खांद्याला अडकवली.

"येतो मी," तो म्हणाला. दारापाशी थांबला. "पण सांजच्याला त्यो मावळतीकडं तोंड करंल. तवा काय करणार तुमी?"

प्रभाकररावांनी वही उघडली. पेनाचं टोपण काढलं. मग वही मिटून कपाटावर ठेवली, गुडघे धरत पेटीशेजारी खाली बसले आणि वाळूपर्यंत वाकले.

"मावळतीला केवढा बल्ब लावू तुम्हाला?" त्यांनी विचारलं.