सातशे संदर्भ

"आत्या, तुझ्या एकाच शोधनिबंधाचा सातशे जणांनी संदर्भ दिलाय, आणि तू इथे मटार सोलत बसलीयेस?" लॅपटॉपवरून मान वर करत ऋजुता म्हणाली. तिची आत्या सिकलसेल या रक्ताच्या आजारावर संशोधन करायची. उद्या शाळेच्या विज्ञान दिनाला ती पाहुणी होती आणि तिची ओळख करून देणार होती खुद्द ऋजुता. हा आकडा ऐकून अख्खं सभागृह तोंडात बोट घालणार, याची तिला खात्रीच होती.

"त्यातला एखादा निबंध वाचलास का?" आत्याने विचारलं.

"वाचते की." ऋजुताने ऐटीत एक उघडला आणि तिचा चेहराच उतरला. आत्याने गुणकारी ठरवलेल्या औषधाचा मुलांना काडीचाही उपयोग होत नाही, असं त्यात लिहिलं होतं. दुसऱ्यातही तेच. तिसऱ्यात तर ते औषध थेट घातक ठरवलं होतं.

"आत्या, हे सगळे तुला चूक म्हणतायत गं."

"सगळ्यात आधी कोण म्हणालं, ते बघ."

ऋजुताने तसं म्हणणारा सर्वांत जुना निबंध शोधला आणि ती बघतच राहिली. त्यावर आत्याचंच नाव होतं.

"स्वतःच्याच पायावर धोंडा का पाडून घेतलास?"

"माझं वाचून डॉक्टर लेकरांना ते औषध देत होते," आत्या म्हणाली. "दुसऱ्या कोणाला कळेपर्यंत गप्प बसायचं होतं का?"

"उद्या हे सगळ्यांसमोर सांगू?" ऋजुताने हळूच विचारलं.

"सांगणार नसशील, तर मी येत नाही."